घरातल्या जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन करायच्यात? सुरुवात इथून करा

मागच्या दोन वर्षांत मी बाबांच्या बाराशेच्या आसपास निगेटिव्ह आणि काकांच्या शंभरेक स्लाइड घरीच स्कॅन केल्या. तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले लोक विचारतात की आमच्याकडे पण डबा भरून पडलंय, काय करू, कुठून सुरू करू. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतेय, ज्याने आजवर निगेटिव्ह हातात पण धरली नाही त्यालाही जमावं असं.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. निगेटिव्ह हा मूळ कागद आहे आणि अल्बममधली कॉपी म्हणजे त्यावरून त्या काळी कुणीतरी घाईघाईत काढून दिलेली नक्कल. आमच्याकडे आत्याच्या लग्नाचा एक फोटो आहे, कॉपीमध्ये मागचं आकाश छान आलंय आणि आजीचा चेहरा पार काळा पडलाय, पण निगेटिव्ह स्कॅन केली तर आजीची नथसुद्धा दिसते. ती तिथे चाळीस वर्षं होतीच, कॉपीत उतरली नव्हती एवढंच. त्यामुळे निगेटिव्ह घरात कुठेतरी असण्याची शक्यता असेल तर आधी ती शोधा, अल्बम स्कॅन करत बसू नका, आणि स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकून तर अजिबात देऊ नका.

हातात काय आहे ते ओळखा

टेबलावर धुतलेला पांढरा सुती कपडा अंथरा आणि सगळं त्यावर काढा. दोन्ही कडांना भोकं असलेली पट्टी म्हणजे ३५ एमएम, त्यात एक फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असते आणि दुकानदाराने रोल धुतल्यावर चार-चार किंवा सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून दिलेल्या असतात. भोकं नसलेली, सहा सेंटीमीटर रुंद पट्टी आणि चौकोनी फोटो असतील तर तो १२० चा रोल, ॲग्फा क्लिक थ्री किंवा याशिकावर काढलेला असेल, एका रोलमध्ये फक्त १२ फोटो यायचे. पाच सेंटीमीटरच्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला आणि उजेडात धरला की सरळ रंग दिसणारा तुकडा म्हणजे स्लाइड. आमच्या ट्रंकेत हे तिन्ही होतं, शिवाय उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनीचे इंदू नावाचे काळे-पांढरे रोल होते, ते बघूनच मला भरून आलं.

आता कुठल्या पट्टीत काय आहे हे बघायला प्रत्येक पट्टी स्कॅन करायची गरज नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत रंग उलटे करायची सोय असते, ती चालू करा, कॅमेरा उघडा आणि पांढऱ्या उजेडासमोर निगेटिव्ह धरा, स्क्रीनवर सरळ फोटो दिसतो. रंग ओबडधोबड दिसतात पण हे मुंजीचं, हे गणपतीचं, हे कॉलेजच्या सहलीचं, एवढं कळायला पुरे. मी असेच गठ्ठे केले आणि प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी लावली. पट्ट्यांचा मूळ क्रम मात्र मोडू नका, एकाच पाकिटातल्या पट्ट्या एकत्रच ठेवा, कारण पुढे तारीख लावताना तोच एक धागा हातात राहतो.

हे करतानाच आजारी पट्ट्या बाजूला काढा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागलीय असं समजा, ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा कारण तो वायू शेजारच्या फिल्मलाही बिघडवतो, आणि अशा पट्ट्या सगळ्यात आधी स्कॅन करा, त्या थांबणार नाहीत. घरात कुणाकडे सिनेमाच्या रिळांचे फार जुने तुकडे असतील आणि कडेला सेफ्टी असं छापलेलं नसेल तर ती नायट्रेट फिल्म असू शकते, ती भयंकर पेट घेते, २००३ मध्ये पुण्यात अशाच नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली होती आणि प्रभातच्या काळातले सिनेमे त्यात गेले. असलं काही सापडलं तर घरी प्रयोग नकोत, जाणकाराला दाखवा. एकमेकांना चिकटलेल्या पट्ट्या पण ओढून सोडवू नका, वरचा थर निघून येतो.

कशाने स्कॅन करायचं

तीन रस्ते आहेत. एक म्हणजे फिल्मसाठी झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर, एप्सन व्ही ६०० सारखा. साधा ऑफिसचा स्कॅनर चालत नाही, कारण निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो. दुसरा फक्त ३५ एमएमचा वेगळा फिल्म स्कॅनर, प्लस्टेकसारखा. तिसरा म्हणजे डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि खाली पांढरा एलईडी पॅड, म्हणजे निगेटिव्हचाच फोटो काढायचा. बाजारात एक छोटा डब्बा पण मिळतो, बटण दाबलं की लगेच फोटो, त्याच्या नादी लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे, आत मोबाइलसारखा लहान सेन्सर असतो, मिळतं फक्त जेपेग आणि कडक उजेडातल्या फोटोचे तपशील हमखास जातात.

स्कॅनरच्या खोक्यावर छापलेल्या डीपीआयवर (एका इंचात किती ठिपके टिपतो तो आकडा) विश्वास ठेवू नका. व्ही ६०० वर ६४०० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात बारकावे साधारण १५००-१६०० डीपीआय इतकेच मिळतात. प्लस्टेकवर ७२०० लिहितात, खरं बघितलं तर सव्वातीन हजाराच्या आसपास. याचा अर्थ फ्लॅटबेड वाईट असा नाही. १२० ची चौकोनी निगेटिव्ह ५६ मिलिमीटरची असते, तिथे १६०० डीपीआयला पण १२ मेगापिक्सेलचा फोटो होतो, भिंतीवर लावण्याइतका. ३५ एमएमला मात्र तेवढ्यात तीन-साडेतीन मेगापिक्सेलच खरे मिळतात, मोबाइलवर बघायला बरं, मोठी कॉपी काढायला तोकडं. म्हणून बाबांचे क्लिक थ्रीचे रोल मी मैत्रिणीच्या फ्लॅटबेडवर केले आणि ३५ एमएम सगळे कॅमेऱ्याने. ज्याच्या घरी कॅमेरा आधीच आहे त्याने कॅमेऱ्याचाच रस्ता धरावा, एकदा मांडणी जमली की एका संध्याकाळी चार-पाच रोल आरामात होतात.

धूळ, म्हणजे अर्धं काम

नवीन माणूस हे घाईत उरकतो आणि मग महिनाभर कॉम्प्युटरवर ठिपके पुसत बसतो. स्कॅन करायच्या आधी ब्लोअरचे चार फटके मारले की जे जातं त्याला नंतर प्रत्येक फोटोमागे दहा मिनिटं लागतात, हे मी पहिल्या तीन रोलवर अनुभवलंय आणि ते तिन्ही रोल पुन्हा पहिल्यापासून केलेत.

आधी पंखा बंद. मग फरशी ओल्या फडक्याने पुसून अर्धा तास खोलीत कुणी जायचं नाही, झाडू मारायचा नाही, झाडूने धूळ उलट वर उडते. मी सकाळी लवकर करते, खिडक्या लावून, गाद्या-चादरी नसलेल्या खोलीत. निगेटिव्ह कायम कडेला धरायची, बोट फोटोवर टेकवायचं नाही, पातळ सुती हातमोजे घातले तर उत्तम. एका बाजूला रबरी ब्लोअरने फुस-फुस, मग दुसऱ्या बाजूला, मग मऊ अँटिस्टॅटिक ब्रशने एकाच दिशेने हलकेच. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब बसतात आणि त्याचे डाग पडतात.

बोटांचे ठसे किंवा चिकट डाग असतील तरच द्रव वापरा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या, मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्केवालं नको, त्यात पाणी असतं. चष्म्याच्या मायक्रोफायबर कपड्यासारख्या मऊ कपड्यावर थोडंसं घेऊन आधी पट्टीच्या रिकाम्या टोकाला करून बघा, ठीक वाटलं तर चकचकीत बाजूने हळूच पुसा. काच पुसायचं लिक्विड, साबण, थिनर काही नको.

आणि बुरशी. आपल्याकडे कोकणात, मुंबईत पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या की समजा जिलेटिनवर, म्हणजे फोटो धरून ठेवणाऱ्या थरावर, बुरशी धरलीय. इथे पाणी अजिबात लावायचं नाही, कारण बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळायला लागतं आणि फोटोच धुऊन जातो. अल्कोहोलने वरवरची निघते, जेवढं जिलेटिन खाल्लं गेलंय ते परत येत नाही, ते मग कॉम्प्युटरवरच भरून काढायचं.

कॅमेऱ्याची मांडणी

एलईडी पॅड घेताना सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त लिहिलंय का बघा, स्वस्त पॅडच्या उजेडात काही रंगच कमी असतात आणि मग त्वचेचा रंग काही केल्या जमत नाही. निगेटिव्ह सरळ पॅडवर ठेवू नका, दोन-तीन सेंटीमीटर वर उचला, नाहीतर पॅडचे ठिपके आणि त्यावरची धूळ पण फोटोत येते. पट्टी सपाट धरायला फिल्म होल्डर मिळतात, तो नसेल तर काळ्या कार्डशीटला खिडकी कापून दोन कार्डांमध्ये पट्टी सरकवता येते. खिडकीच्या बाहेरचा सगळा पॅड काळ्या कागदाने झाका, आजूबाजूचा उजेड लेन्समध्ये शिरला की काळे भाग फिके पडतात.

कॅमेरा बरोबर समांतर हवा. यासाठी सोपी युक्ती म्हणजे निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं, लेन्सचं प्रतिबिंब अगदी मध्यभागी आलं की काम झालं. मग मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ ८, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), दोन सेकंदांचा टायमर, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून फोटोतल्या दाण्यावर, म्हणजे फिल्मच्या बारीक कणांवर, फोकस. दाणे टोकदार दिसले की फोकस बरोबर. खोलीतली ट्यूब बंद करा. फोटोत आडवे पट्टे आले तर पॅड लुकलुकतोय, मेकॅनिकल शटर लावा आणि शटर स्पीड कमी करा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यात दिसणारा उजेडाचा आलेख) उजवीकडे सरकलेला ठेवा पण कापला जाऊ देऊ नका, आणि एकदा एक्स्पोजर ठरलं की अख्ख्या रोलला तेच ठेवा. फ्रेमच्या बाजूची रिकामी केशरी पट्टी थोडी तरी फोटोत येऊ द्या, तिचं काम पुढे सांगते.

कुठली बाजू वर? चकचकीत बाजू तुमच्याकडे असेल तर कडेचे आकडे सरळ वाचता येतात आणि फोटो सरळ येतो. आकडे दिसत नसतील तर फोटोतच बघा, दुकानाची पाटी उलटी असेल, शर्टाचा खिसा माणसाच्या स्वतःच्या उजव्या बाजूला असेल, आईचा पदर उजव्या खांद्यावर असेल तर फोटो उलटा आलाय, कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून घ्या.

फ्लॅटबेडवाल्यांनी एवढंच करायचं, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग बंद, रंगीतला ४८ बिट आणि काळ्या-पांढऱ्याला १६ बिट ग्रे, फाइल टिफ, ३५ एमएमला २४०० किंवा ३२०० डीपीआय. २४०० ला एक रंगीत फाइल साधारण ४६ एमबीची होते, म्हणजे हजार फोटोंना ४६ जीबी, तेवढी जागा आधीच मोकळी ठेवा. पट्टी काचेला चिकटली की इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं दिसतात, होल्डर वापरला तर ती येत नाहीत.

केशरी रंग काढून सरळ फोटो

रंगीत निगेटिव्ह नुसती उलटी केली की सगळं निळंशार दिसतं आणि लोक घाबरतात. तो केशरी रंग फिल्म खराब झाल्याचा नाही, मुद्दाम दिलेला असतो. फिल्ममधले रंग पूर्ण शुद्ध नसतात, त्यांची चूक भरून काढायला हा मुखवटा घालतात आणि कॉपी काढताना तो वजा होतो. आपल्याला तेच कॉम्प्युटरवर करायचंय.

मी डार्कटेबल नावाचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे आणि त्यात निगाडॉक्टर नावाचं खास मॉड्यूल आहे. रॉ फाइल उघडा, निगाडॉक्टर चालू करा, पहिल्या पानावर फिल्मच्या रंगाचा पिकर (फोटोतून रंग उचलायचं बटण) घ्या आणि ती रिकामी केशरी पट्टी निवडा. मुखवटा वजा झाला. मग पट्टी सोडून फक्त फोटोचा भाग निवडून डी मॅक्सचा, म्हणजे फिल्मच्या सगळ्यात गडद भागाचा, पिकर लावा, मग शेवटच्या पानावर कागदाचा काळेपणा आणि उजेड. बहुतेक वेळा इथेच ऐंशी टक्के काम होतं. एका फ्रेमवर जमलं की तेच सेटिंग कॉपी करून अख्ख्या रोलला चिकटवा. लाइटरूम असेल तर निगेटिव्ह लॅब प्रो हे प्लगइन विकत मिळतं, तेही चांगलं. गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करायचं तर केशरी रंगाचा एक थर वर टाकून त्याचा मोड डिव्हाइड करा, दोन्ही थर एकत्र करा, मग रंग उलटे करा आणि लेव्हल्समध्ये लाल, हिरवा, निळा एकेक वेगळा घेऊन दोन्ही टोकं जिथे आलेखाचा डोंगर सुरू होतो तिथे आणा.

राहिलेला रंग जुळवताना ऑटो बटणावर अवलंबून राहू नका. हळदीच्या फोटोत ऑटो सगळा पिवळा काढून टाकतं आणि नवरी आजारी दिसते. लग्नाच्या मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर त्याची झाक चेहऱ्यांवर खरोखरच होती, ती थोडी राहू द्या. पांढऱ्यासाठी लोक धोतर नाहीतर टोपी निवडतात, पण आपल्याकडे पांढऱ्या कपड्याला नीळ द्यायचे, ते कापड मुळातच निळसर असतं, ते पांढरं धरलं की चेहरे पिवळे होतात. त्यापेक्षा सिमेंटची भिंत, डांबरी रस्ता, स्टीलचं पातेलं असं काहीतरी राखाडी शोधा.

काळी-पांढरी निगेटिव्ह सगळ्यात सोपी, उलटी करायची आणि कॉन्ट्रास्ट लावायचा.

ठिपके, ओरखडे

काही स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ ओळखायची सोय असते, डिजिटल आइससारख्या नावाने. फिल्मच्या रंगातून इन्फ्रारेड आरपार जातं, धुळीतून जात नाही, त्यामुळे मशीनला धुळीचा नकाशाच मिळतो आणि ती तेवढीच जागा भरते. व्ही ६०० मध्ये ही सोय आहे, प्लस्टेक घेताना मॉडेलच्या आकड्यापुढे आय अक्षर असलेलं घ्या. पण खऱ्या चांदीच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मला हे चालत नाही, चांदी स्वतःच इन्फ्रारेड अडवते आणि मशीन फोटोतल्या तपशिलांनाच धूळ समजून पुसून टाकते. तिथे आठवणीने बंद करा.

कॅमेऱ्याने स्कॅन केलं असेल तर हाताने, गिंपमध्ये हील टूल (आजूबाजूच्या रंगात मिसळून डाग भरणारं) घेऊन. फोटो शंभर टक्के झूम करा, डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करून ओळीने खाली या, ब्रश ठिपक्यापेक्षा किंचित मोठा ठेवा. आकाश आणि भिंतीवर हील, पण साडीच्या काठावरून किंवा खांद्याच्या कडेवरून ओरखडा गेला असेल तर क्लोन टूल (शेजारचा भाग जसाच्या तसा उचलून ठेवणारं), नाहीतर कड विरघळते. सगळे फोटो असे करायचे नाहीत, रोलमधले तीन-चार निवडा, बाकीचे आहेत तसे राहू द्या.

चेहरा मात्र यंत्राला बनवू देऊ नका, हे अगदी मनापासून सांगते. मोबाइलवर एका टिचकीत जुना फोटो स्पष्ट करून देणारी ॲप आहेत, ती अस्पष्ट चेहऱ्याच्या जागी अंदाजाने नवीन चेहरा काढतात. मी आजोबांचा एक फोटो त्यातून काढून बघितला, डोळे छान चमकदार आले, पण ते आजोबांचे डोळे नव्हते, आत्याने बघताक्षणी विचारलं हे कोण. दाणे दिसले तर दिसू देत, फिल्म तशीच असते. शार्पनिंग करायचं तर सगळ्यात शेवटी आणि थोडंसंच.

स्लाइडबद्दल

इथे उलटं करायचं काही नाही, पण स्लाइडमधले काळे भाग फार गडद असतात. कॅमेऱ्याने करताना एक नेहमीचा आणि एक दोन स्टॉप (म्हणजे चौपट) जास्त उजेडाचा असे दोन फोटो काढा, जो लागेल तो वापरा नाहीतर दोन्ही जोडा. काकांनी परदेशातून आणलेल्या कोडाक्रोम (कोडॅकची स्लाइड फिल्म) स्लाइड चाळीस वर्षांनी पण ताज्या निघाल्या, अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग फार टिकतात. स्कॅन मात्र निळसर येतो, तो दुरुस्त करावा लागतो, आणि डिजिटल आइस कोडाक्रोमवर धड चालत नाही. दुसऱ्या काही स्लाइड सगळ्या लालसर-जांभळ्या झाल्या होत्या, म्हणजे त्यातला निळसर-हिरवा रंग उडालाय, लेव्हल्समध्ये तिन्ही रंग वेगवेगळे ताणले की बरंचसं परत येतं.

फाइली, नावं, आणि डबा परत कुठे ठेवायचा

मूळ स्कॅनला कधीच हात लावायचा नाही. 'मूळ' असं नाव दिलेल्या फोल्डरमध्ये ती रॉ किंवा टिफ तशीच, आणि दुरुस्त केलेल्या वेगळ्या. मी फाइलला वर्ष, रोल, फ्रेम असं नाव देते, १९८७_रोल०४_१२ असं. महिना माहीत नसेल तर लिहीत नाही. फाइलमध्ये आपोआप पडणारी तारीख स्कॅन केल्याची असते, ती डिजीकॅम या फोटो लावून ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बदला आणि तिथेच कॅप्शनमध्ये मराठीत नावं लिहा, माहिती फाइलमध्येच लिहायची सेटिंग चालू असेल तर नावं फाइलसोबतच राहतात.

कॉप्या तीन ठेवा, एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळूणला पाणी घरात शिरलं तेव्हा अल्बम आणि डबा एकाच कपाटात होते अशी कितीतरी घरं होती. चुकून कधी निगेटिव्ह पुराच्या पाण्यात भिजल्याच तर वाळून चिकटू देऊ नका, स्वच्छ थंड पाण्यातच ठेवा आणि एकेक सुटी करून हळूच विसळून चिमट्याने टांगून वाळवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून लहान होतो.

नावं विचारायला उशीर करू नका. दुरुस्तीची वाट न बघता कच्चे फोटोच लॅपटॉपवर लावून मी आत्यासोबत तीन रविवार बसले आणि मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. विहिरीजवळ उभी असलेली ती दोन वेण्यांची मुलगी कोण हे घरात फक्त तिलाच माहीत होतं.

निगेटिव्ह आता पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटांत आहेत, जुनी चिकट झालेली पीव्हीसीची पाकिटं टाकून दिली. डबा ट्रंकेत नाही, आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात मधल्या फळीवर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, डांबराच्या गोळ्या नाहीत. पुड्यांचा रंग बदलला की बदलते, आणि मे संपायच्या आत एकदा सगळं उघडून वास घेऊन बघते.